दिवसाला एक फूट

फाल्मथ गावातल्या एका घराची कल्पना करा. समुद्रकिनारा तिथून दोन किलोमीटरवर आहे. आज सकाळी त्या घरात कुणीतरी फ्लशचं बटण दाबलं आणि पाणी गेलं. कुठे गेलं? घरामागच्या हिरवळीखाली. तिथून ते वाळूत झिरपेल, जमिनीखालच्या पाण्याला मिळेल आणि समुद्राच्या दिशेनं चालू लागेल. त्याचा वेग दिवसाला सुमारे एक फूट, म्हणजे वर्षाला एकशे दहा मीटर. दोन किलोमीटर जायला त्याला अठरा वर्षं लागतील. त्या घरात आज जन्मलेलं बाळ पहिल्यांदा मत द्यायला जाईल, त्या सुमारास आज सकाळचं पाणी खाडीला पोचेल.

आता हेच उलटं पाहा. आज त्या खाडीत जे पाणी जमिनीतून वर येतंय, ते अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी सोडलेलं आहे. ते सोडणारा माणूस कदाचित घर विकून दुसऱ्या राज्यात गेला असेल. पाणी मात्र मागे राहिलं आणि इमानानं चालत राहिलं. सांडपाण्याच्या प्रश्नाला इतकं लांबलचक काळाचं परिमाण असू शकतं, हे कळल्यापासून हे गाव माझ्या मनातून जात नाही.

फाल्मथ अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या मुळाशी आहे. नकाशात केप कॉड कोपरात मुडपून समुद्रात धरलेल्या हातासारखं दिसतं. फाल्मथ त्या दंडाच्या खालच्या अंगाला येतं. २०२० च्या जनगणनेत गावची वस्ती साडेबत्तीस हजार होती. उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्यांमुळे ती कितीतरी फुगते. गावाच्या दक्षिण किनाऱ्याला हाताच्या बोटांसारख्या लांबट, समांतर खाड्या आत शिरलेल्या आहेत: लिटल पाँड, ग्रेट पाँड, ग्रीन पाँड, बोर्न्स पाँड आणि पूर्वेच्या टोकाला वॉक्वॉइट बे. नावात ‘पाँड’ असलं तरी ही तळी नव्हेत. अरुंद तोंडांनी ती समुद्राला जोडलेली आहेत, आणि या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फार नसल्यामुळे आत आलेलं पाणी लवकर बाहेर जात नाही.

ही सगळी जमीन बर्फानं घडवली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेली प्रचंड हिमचादर इथवर येऊन थांबली आणि वितळू लागली. वितळत्या पाण्यानं आपल्याबरोबर आणलेली वाळू आणि गोटे पसरून ठेवले. विहीर खणताना चार हातांवर जांभा किंवा काळा कातळ लागणाऱ्या आपल्या माणसाला इथली जमीन पाहून नवल वाटेल. खणत जा, वाळूच लागते. खडक फार फार खाली. या वाळूत पाऊस मुरतो आणि त्याचाच भूजलाचा साठा होतो. केप कॉडचे लोक तेच पाणी पितात. १९८२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं हा साठा इथल्या लोकांचा पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत म्हणून अधिकृतपणे जाहीर केला.

म्हणजे वाळूत पिण्याचं पाणी आहे, आणि त्याच वाळूत सांडपाणीही सोडलं जातं. केप कॉडवरच्या बहुतेक घरांना भूमिगत गटार नाही. अंगणात सेप्टिक टँक आणि त्यापुढे शोषखड्डा, अशी आपल्याला चांगली ओळखीची व्यवस्था आहे. जड मैला टाकीत तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यातून वाळूत जातं. राज्याचे याबद्दलचे नियम ‘टायटल फाइव्ह’ या नावानं ओळखले जातात. टाकी केवढी हवी, खड्डा विहिरीपासून किती लांब हवा, भूजलाच्या किती वर हवा, हे सगळं त्यात ठरवून दिलेलं आहे. हे नियम रोगजंतूंपासून माणसाला वाचवण्यासाठी घडले आणि ते काम ते खरोखर करतात. वाळूतून जाताना जंतू अडकतात, मरतात. थोडं पुढे जाऊन नमुना घेतला, तर पाणी काचेसारखं नितळ, वास नसलेलं.

पण त्या नितळपणात एक गोष्ट विरघळलेली असते.

तिच्याकडे जाण्याआधी १८७७ सालच्या पॅरिसमध्ये जायला हवं. तेओफिल श्लोझिंग आणि अशिल म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी संथपणे झिरपू दिलं. पहिले वीसेक दिवस वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर आला. मग हळूहळू अमोनिया कमी झाला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. ही नुसती रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्या दिवसापासून झाली असती. वीस दिवस थांबायचं कारण काय? दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट येणं बंद झालं. क्लोरोफॉर्मची गुंगी चढते ती जिवंत वस्तूला. म्हणजे त्या वाळूत कुणीतरी राहत होतं, जेवत होतं, वाढत होतं. पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रॅड्स्की यानं ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

फाल्मथच्या प्रत्येक अंगणात हाच प्रयोग चालू आहे. माणसाच्या लघवीत युरिया असतो. जिवाणू त्याचा आधी अमोनिया करतात आणि मग हवेशीर वाळूत त्याचं नायट्रेट. युरिया म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर खताचं पोतं येतं, आणि ते बरोबरच आहे. रेणू अगदी तोच. एका माणसाच्या शरीरातून वर्षाला साधारण चार ते पाच किलो नायट्रोजन बाहेर पडतो. आपल्याकडे मिळणाऱ्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे वीस किलो नायट्रोजन असतो. हिशेब सोपा आहे: चार-पाच माणसांचं कुटुंब वर्षाकाठी युरियाचं एक पोतं अंगणाखाली ओततं. एका घराचं एक पोतं, अशी हजारो घरं, आणि असं वर्षानुवर्षं.

माती चिकणी असती तर अमोनिया तिला थोडाफार धरून राहिला असता. नायट्रेटचं मात्र कुणाशी जमत नाही. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो, वाळूच्या कणांवरही बहुधा ऋणच. एकमेकांना न शिवता नायट्रेट पाण्याबरोबर पुढे सरकतं. केप कॉडच्या खाड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ शोषखड्ड्यातून भूजलात पोचणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे २६ मिलिग्रॅम नायट्रोजन धरून हिशेब करतात. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत घातलेली मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. पावसाच्या पाण्यात मिसळून हा आकडा कमी होत जातो आणि विहिरींतलं पाणी बहुतेकदा मर्यादेच्या आत राहतं. माणूस सुखरूप असतो. पण खाडीत समुद्रगवत टिकायचं, तर तिथल्या पाण्यात एकूण नायट्रोजन लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असावा लागतो. माणसाला जे निर्धोक, त्याच्या विसाव्या हिश्शानं खाडी आजारी पडते. मला या साऱ्या विषयात सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते. आपण ‘शुद्ध पाणी’ म्हणतो तेव्हा कुणासाठी शुद्ध, हा प्रश्न विचारत नाही.

खाडीला एवढ्याशा नायट्रोजननं काय होतं, याचं उत्तर शोधण्यात याच गावाचा मोठा वाटा आहे, आणि हा योगायोग विलक्षण आहे. वुड्स होल हे फाल्मथचंच एक उपगाव. तिथे १८८८ साली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९३० साली समुद्रविज्ञान संस्था. तिथल्या आल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञानं जगभरच्या समुद्रांतल्या तरंगत्या सूक्ष्म जिवांचा हिशेब मांडला आणि त्याला आढळलं की त्यांच्या शरीरात स्फुरदाच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण सोळा अणू असतात. सागर कुठलाही असो, गुणोत्तर जवळपास तेच. जणू सगळ्या समुद्रांनी मिळून एकच पाककृती ठरवली आहे.

त्यानंतर वुड्स होलच्याच जॉन रायथर यानं विल्यम डन्स्टनबरोबर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा अमेरिकेत तळ्यांचं पाणी हिरवं होण्यामागे साबणातला स्फुरद असल्याचं बोललं जात होतं आणि गोड्या पाण्याबाबत ते खरंही होतं. रायथरनं मात्र न्यूयॉर्कजवळच्या किनारी पाण्याचे नमुने घेतले, त्यांत सूक्ष्म शैवालं वाढवली आणि वेगवेगळी पोषकं घालून पाहिली. स्फुरद घातला, शैवालं हलली नाहीत. नायट्रोजन घातला आणि ती फोफावली. त्या भागातल्या खाड्या बदकपालनाच्या घाणीनं हिरव्या झाल्या होत्या, ते कोडं असं सुटलं. खाऱ्या पाण्यात स्फुरद पुरेसा असतो; जीव अडून राहतात नायट्रोजनसाठी. तो मिळाला की बांध फुटतो. त्याच दशकाच्या सुरुवातीला जॉन टील आणि इव्हान व्हलिएला यांनी फाल्मथमधल्याच ग्रेट सिपीविसेट या दलदलीत काही वाफे आखले आणि त्यांत मैल्यापासून केलेलं खत टाकायला सुरुवात केली. तो प्रयोग कित्येक दशकं चालला.

बांध फुटल्यावर पहिला बळी जातो समुद्रगवताचा. इथलं समुद्रगवत, झोस्टेरा मरिना, हे शेवाळ नाही. ते खरोखरीचं फुलझाड आहे. त्याचे पूर्वज जमिनीवरून पुन्हा समुद्रात गेले. ते पाण्याखाली फुलतं. वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून त्याचे परागकण गोल नसतात. दोन-तीन मिलिमीटर लांबीचे सूक्ष्म धागे असतात आणि ते प्रवाहात वाहत जाऊन दुसऱ्या फुलाला गुंततात. या गवताच्या पात्यांना बे स्कॅलप नावाच्या शिंपल्याची पिल्लं बारीक तंतूंनी लटकून राहतात, तळच्या खेकड्यांपासून सुरक्षित. मोठा झालेला स्कॅलप कवचांच्या टाळ्या वाजवत पोहतो आणि त्याच्या कवचाच्या कडेला डझनावारी निळे डोळे असतात. हे सारं वैभव उजेडावर उभं आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा तरी तळापर्यंत पोचला, तरच हे गवत जगतं.

नायट्रोजन वाढला की पाण्यात तरंगणारी शैवालं दाट होतात, गवताच्या पात्यांवर शेवाळाची पुटं चढतात आणि तळावर सैल शेवाळाच्या गाद्या पसरतात. उजेड अडतो. गवत विषानं मरत नाही, अंधारानं मरतं. मग उन्हाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून येतं, वारा पडतो, शैवालं उजेडाअभावी प्राणवायू तयार करत नाहीत पण रात्रंदिवस वापरत राहतात, आणि पहाटे किनाऱ्यावर मेलेले मासे दिसतात.

याला घरंच जबाबदार आहेत कशावरून? लॉनवरचं खत असेल, मोटारींचा धूर पावसातून खाली येत असेल. तेही आहेच. पण वॉक्वॉइट बे या खाडीनं शास्त्रज्ञांना एक नैसर्गिक प्रयोगच मांडून दिला. तिला येऊन मिळणाऱ्या तीन उपखाड्या अगदी शेजारी शेजारी आहेत: सेज लॉट पाँडच्या पाणलोटात घरं जवळजवळ नाहीत, क्वाशनेट नदीच्या पाणलोटात मध्यम, आणि चाइल्ड्स नदीच्या काठी दाट वस्ती. हवा तीच, पाऊस तोच, वाळू तीच. व्हलिएला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिन्हीकडच्या वनस्पती आणि जीव तपासले. नायट्रोजनचे हलका आणि जड असे दोन प्रकार असतात. मैल्यातून भूजलात जाताना हलका प्रकार जास्त उडून जातो आणि मागे राहणाऱ्या नायट्रेटमध्ये जड नायट्रोजनचं प्रमाण वाढतं. तीच खूण चाइल्ड्स नदीतल्या वनस्पतींत आणि त्या खाणाऱ्या प्राण्यांत सापडली. घरं जितकी जास्त, तितकी खूण ठळक. शिंपल्यातल्या मांसाच्या कणात शेजारच्या वस्तीचा ठसा उमटला होता. सेज लॉटमध्ये समुद्रगवत होतं. चाइल्ड्समध्ये ते उरलं नव्हतं.

पाणी किती वर्षं आठवण ठेवतं, याचा पुरावा गावाच्या उत्तरेला आहे. तिथल्या लष्करी तळाचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९३६ पासून १९९५ पर्यंत वाळूच्या वाफ्यांवर सोडलं जात होतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे जमिनीत असंख्य नळ्या उतरवून त्या पाण्याचा माग काढला. जमिनीखाली सांडपाण्याचा एक लांबच लांब पट्टा दक्षिणेकडे सरकत होता. त्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला, काही किलोमीटर अंतरावर, जुन्या, न कुजणाऱ्या साबणाचे अंश सापडले. असा साबण अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यात बाजारातून गेला. त्यानंतर आलेला साबण जिवाणू फस्त करत होते, म्हणून पट्ट्याच्या अलीकडच्या भागात तो नव्हता. झाडाच्या खोडातली वलयं मोजून वय काढावं, तसा इथे भूजलाच्या पट्ट्यात इतिहास वाचता येतो: इथे एक बाजारातला बदल, तिथे एक कायदा.

गावाला स्वतःच्याच प्रक्रिया केंद्रानं हा धडा दिला. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या केंद्राचं पाणी जमिनीत मुरत होतं. ते भूजलातून चालत वेस्ट फाल्मथ बंदरात पोचलं आणि तिथल्या गवतावर परिणाम दिसू लागला. २००५ साली केंद्रात सुधारणा झाली, बाहेर पडणारा नायट्रोजन बराच घटला. पण वाटेत असलेलं जुनं पाणी थोडंच परत बोलावता येतं? ते आपल्या वेगानं येतच राहिलं.

मग करायचं काय? सर्वांत सरळ उपाय म्हणजे भूमिगत गटार. लिटल पाँडच्या आसपास घरं इतकी दाट आहेत की तिथे दुसरं काही पुरेसं पडलं नसतं. २०१० च्या दशकात गावानं तिथल्या तेराशे-चौदाशे मिळकती गटाराला जोडल्या. रस्ते खणले गेले, घरमालकांवर आकारणी बसली. फाल्मथमध्ये असे निर्णय निवडून दिलेल्या सभासदांच्या नगरसभेत आणि मतपेटीतून होतात. प्रत्येक घराच्या खिशाला चाट लावणारा प्रस्ताव, आणि त्याचं फळ दिसायला लागणारी वर्षं. तरीही लोकांनी हात वर केले. मला त्या सभेचं फार कौतुक वाटतं.

पण सगळ्या केप कॉडवर गटारं घालायची तर कित्येक अब्ज डॉलर लागतील, आणि विरळ वस्तीत लांबलचक नळ टाकणं परवडतही नाही. म्हणून २०११ च्या सुमारास फाल्मथनं ठरवलं की गटारांबरोबर इतरही वाटा करून पाहू. इथून ही गोष्ट मला खरी थक्क करते, कारण प्रत्येक वाटेवर कामाला जुंपलेले आहेत ते जीवच.

नायट्रेटपासून सुटका करून देणारेही जिवाणूच असतात. आपण प्राणवायू श्वासात घेतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात हे जिवाणू त्याऐवजी नायट्रेट ‘श्वासात’ घेतात आणि बाहेर सोडतात साधा नायट्रोजन वायू, आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के असलेला तोच निरुपद्रवी वायू. त्यांना दोनच गोष्टी लागतात: प्राणवायूचा अभाव आणि खायला कर्ब. वाळूत प्राणवायू भरपूर आणि कर्ब जवळजवळ शून्य, म्हणून तिथे ते उपाशी बसतात. मग त्यांना जेवण वाढायचं. वॉक्वॉइट बेच्या किनाऱ्यावर, भूजल जिथून समुद्रात निघतं तिथे, २००५ साली वाळूत चर खणून लाकडाचे तुकडे पुरण्यात आले. पाणी त्या लाकडातून जातं, जिवाणू लाकूड खातात आणि नायट्रेटचा श्वास घेतात; चरापलीकडे निघणाऱ्या पाण्यातलं नायट्रेट ठळकपणे घटतं. पंप नाही, वीज नाही. जिथे चर खणता येत नाही तिथे खाद्यतेल पाण्यात घुसळून दुधासारखं करतात आणि जमिनीत टोचतात. केप कॉडवरच्याच ऑर्लिन्स गावात हे केलं गेलं.

हीच युक्ती अंगणातही आणता येते. लष्करी तळाच्या आवारात १९९९ पासून नव्या प्रकारच्या सेप्टिक व्यवस्थांचं चाचणी केंद्र आहे. तिथे तळाचंच सांडपाणी वापरून वेगवेगळ्या रचना वर्षानुवर्षं पारखल्या जातात. त्यांतली एक रचना केकच्या थरांसारखी आहे: वर नुसती वाळू, तिच्याखाली वाळूत मिसळलेला लाकडाचा भुसा. वरच्या थरात श्लोझिंग-म्युंट्झचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, खालच्या थरात दुसरे जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. भुशासारखी क्षुद्र वस्तू, आणि खाडी वाचवण्याच्या कामाला येते.

तिसरे कामगार म्हणजे कालवं. कोकणात ओहोटीला खडकावरून कालवं काढणाऱ्या बायकांना हे सांगायला नको की कालवाला कुणी चारा घालत नाही. पाण्यातलंच गाळून ते खातं. अनुकूल परिस्थितीत एक मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी गाळतं. पाण्यातली शैवालं त्याच्या पोटात जातात, त्यांतला नायट्रोजन मांसात आणि कवचात बांधला जातो, आणि कालव बाहेर काढून खाल्लं की तो नायट्रोजन खाडीबाहेर जातो. फाल्मथनं २०१३ साली लिटल पाँडमध्ये कालवं वाढवून पाहिली. शेजारचं मॅशपी गावही वर्षानुवर्षं हे करत आहे. मात्र हिशेब डोळ्यांआड करू नये. एका कालवात पाव ते अर्धा ग्रॅम नायट्रोजन असतो. एका माणसाचा वर्षाचा नायट्रोजन बांधायला दहा-पंधरा हजार कालवं लागतील. कालवं मदतनीस आहेत. गटाराची जागा ती घेणार नाहीत.

गावातल्या कूनामेसेट नदीच्या काठी एकेकाळी क्रॅनबेरीची शेतं होती. त्यासाठी नदीला बांध घातले होते, प्रवाह सरळ केला होता. अलीकडच्या वर्षांत गावानं बांध काढले, नदीला पुन्हा वळणं दिली, शेतांची पुन्हा दलदल होऊ दिली. दलदलीचा चिखल म्हणजे नायट्रेटचा श्वास घेणाऱ्या जिवाणूंचं माहेर. हेरिंग मासे वर चढावेत म्हणून सुरू झालेलं काम खाडीच्याही उपयोगी पडतं.

आणि एक कल्पना अशी आहे की जी ऐकून आपल्या आजोबांनी मान डोलावली असती. संडासातून जाणाऱ्या नायट्रोजनपैकी सुमारे ऐंशी टक्के लघवीत असतो, पण घरातल्या एकूण सांडपाण्यात तिचं आकारमान जेमतेम एक टक्का भरतं. मग तेवढी लघवीच वेगळी गोळा केली तर? फाल्मथमध्ये त्यासाठी झटणारे लोक आहेत. व्हर्माँट राज्यातली रिच अर्थ इन्स्टिट्यूट २०१२ पासून घरोघरी लघवी गोळा करते, ती निर्जंतुक करते आणि शेतांना घालते. या मुलखात नायट्रोजन खाडीत जातो म्हणून खर्च, आणि शेतात हवा म्हणून पुन्हा खर्च. मधलं अंतर भरून काढणारी ही कल्पना मला साऱ्यांत सुंदर वाटते. मराठीत माणसाच्या मैल्याच्या खताला सोनखत म्हणतात. हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांना त्याची किंमत ठाऊक होती. मैला उपसण्याची सक्ती मात्र काही जातींवर लादली गेली, हेही त्या शब्दामागचं सत्य आहे आणि ते विसरून त्याचं गुणगान करता येणार नाही. नव्या व्यवस्थेत नळ आणि टाकी ते काम करतात. कुणा माणसाला हात घालावा लागत नाही, आणि तीच तिची पहिली अट असायला हवी.

२०२३ च्या जुलैत मॅसॅच्युसेट्स राज्यानं केप कॉडसाठी नवे नियम लागू केले. प्रत्येक गावानं आपल्या खाडीच्या पाणलोटाचा वीस वर्षांचा आराखडा करून परवाना घ्यायचा. गावानं तो मार्ग पत्करला नाही, तर त्या पाणलोटातल्या घरमालकांना ठरावीक मुदतीत नायट्रोजन काढणारी सेप्टिक व्यवस्था बसवावी लागेल. वीस वर्षांची मुदत सरकारी कागदावर फार वाटते. वाळूखालच्या पाण्याच्या हिशेबानं ती फक्त सव्वादोन किलोमीटर आहे.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतली नायट्रोजनची १० मिलिग्रॅमची मर्यादा ती हीच. एकीकडे अख्खं नायट्रेट मोजतात, दुसरीकडे त्यातला फक्त नायट्रोजन. कोकणात किंवा गोव्यात, शोषखड्डा आणि विहीर एकाच आवारात असलेलं तुमचं घर असेल, तर पुढच्या वेळी पाणी तपासायला द्याल तेव्हा जंतूंबरोबर नायट्रेटचाही आकडा मागा. तो लिहून ठेवा, तारीख घाला. पाच वर्षांनी पुन्हा मागा. आणि आकडा ४५ च्या आत आला म्हणून निश्चिंत होण्याआधी, ते पाणी पुढे कोणत्या खाडीला जातं, ते एकदा शोधून काढा.